गोल्फच्या मैदानावरचा माथाडी

आमच्या वस्तीतल्या एका पोरानं परवा माझ्यासमोर एक पांढरा चेंडू आणून ठेवला. मुठीत मावेल एवढा, दगडासारखा कडक, अंगभर खळगे. "ताई, गोल्फचा आहे. तीन-चारशेला एक येतो म्हणे. झाडीत गेला, साहेबानं शोधलापण नाही. दुसरा काढला."

हा पोरगा एरवी मानकोलीच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. दिवाळीची गर्दी सरली की ठेकेदार त्याला मांडव-खुर्च्यांच्या कामाला पाठवतो. यंदा पुण्याकडच्या एका मैदानावर व्यावसायिक पुरुष गोल्फपटूंची स्पर्धा होती, तिथं तो आठ दिवस राहिला. तंबू ठोकणं, दोऱ्या बांधणं, पाण्याचे बॉक्स वाहणं. अशा स्पर्धेच्या आधी एक दिवस प्रायोजकांचे पाहुणे खेळाडूंबरोबर खेळतात, त्याला प्रो-ॲम म्हणतात. त्या दिवशी बॅगा उचलायला माणसं कमी पडली आणि ठेकेदारानं याला उभं केलं. काठ्यांनी भरलेली बॅग खांद्यावर घेऊन हा अठरा होल चालला. पाचशे रुपये आणि जेवणाचं पाकीट मिळालं.

कामाला लावताना मुकादमानं तीन गोष्टी सांगितल्या. खेळताना बोलायचं नाही. पुढे पुढे चालायचं नाही. आणि हिरवळीवर साहेब चेंडू ढकलत असेल तेव्हा त्या रेषेवर आपली सावली पडू द्यायची नाही.

तिसरी सूचना ऐकून मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. पेशवाईत सकाळ-संध्याकाळ सावल्या लांब पडतात म्हणून पुण्यात अस्पृश्यांना शिरायला बंदी असल्याचं आपण वाचत आलो आहोत. त्याच मुलखात, आमच्या पोराला सावली सांभाळून उभं राहायला सांगितलं गेलं.

आता न्यायानं बोलायचं तर हा नियम जातीचा नाही. जगभर कुठल्याही गोल्फ मैदानावर तो सगळ्यांना लागू असतो. समोरचा स्पर्धक करोडपती असला तरी त्यानंही आपली सावली आवरायची असते. या एका गोष्टीवरून मी मनुस्मृती काढली तर माझा लेख टाळ्या घेईल, पण खोटा ठरेल. मला खटकलं ते वेगळं आहे. करोडपती स्पर्धक सावली आवरतो आणि मग स्वतःची पाळी आली की खेळतो. माझ्या पोराची पाळी येत नाही. दिवसभर चालून त्याच्या हाती फक्त दुसऱ्यानं टाकून दिलेला चेंडू राहतो.

गोल्फचा व्यावसायिक हंगाम कसा चालतो ते आधी थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या फार थोड्यांनी तो पाहिला आहे. भारतात २००६ पासून पुरुष व्यावसायिकांची टूर चालते. पीजीटीआय हे तिचं नाव, आणि सध्या तिचे अध्यक्ष आपले कपिल देव आहेत. वर्षाच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत आज या शहरात तर पुढच्या आठवड्यात त्या शहरात, असा फिरता फड चालतो. स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवसांनंतर साधारण निम्मे खेळाडू बाद होतात, त्याला कट म्हणतात. कट चुकला की हातात शून्य. प्रवास, मुक्काम, प्रवेश फी, कॅडीचे पैसे सगळं खेळाडूच्या खिशातून जातं. एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला पंधरा लाख मिळतात आणि खाली खाली रक्कम आटत जाते. वरच्या थराला पैसा अफाट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर युरोपीय टूरची स्पर्धा झाली. रोरी मॅकिलरॉय आला होता, टॉमी फ्लीटवुड जिंकला, आणि एकूण बक्षीस होतं चाळीस लाख डॉलर.

म्हणजे खालच्या थरातला गोल्फपटूसुद्धा काही राजा नाही. तोही हप्त्यांवर, प्रायोजकांच्या मर्जीवर जगतो. आणि या खेळाडूला कॅडीचे पैसे द्यायचे असतात. आठवड्याची ठरलेली रक्कम, वर बक्षिसातला काही टक्के हिस्सा, अशी रूढ पद्धत. ठरलेली म्हणजे तोंडी ठरलेली. मालक कट चुकला की कॅडीची टक्केवारीही गेली. जोखीम दोघांची सारखी, पण नाव एकाचंच यादीत.

इथं कुणीतरी मला हमखास अडवणार: अहो, भारतातले मोठे गोल्फपटू तर कॅडीच होते! बरोबर आहे, आणि त्यांची नावं मी अभिमानानंच घेते. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर बॅगा उचलणारा माणूस १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि १९९३ ला पुन्हा जिंकला. शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखायचे. हा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. त्या माळ्याच्या पोरानं २००८ साली दिल्लीत युरोपीय टूरची स्पर्धा मारली आणि २०१६, २०१७ अशी दोन वर्षं लागोपाठ इंडियन ओपन घेतली.

आणि मुकेश कुमार. हे नाव आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं आहे, कारण ते महूचे. जिथं १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला, ज्या गावाचं नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झालं, त्या छावणीच्या गावात कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस. देशातल्या टूरवर शंभराहून जास्त स्पर्धा त्यांनी जिंकल्या, आणि डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, दिल्लीत आशियाई टूरची स्पर्धा जिंकली. दरवर्षी १४ एप्रिलला आपले हजारो लोक महूला जातात. त्यांतल्या कितींना हे ठाऊक असेल? मला तरी एमए होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पण या गोष्टी सांगणारे एक वाक्य गाळतात. अली शेर, चौरसिया, मुकेश कुमार मैदानात शिरले ते कोणत्या दारानं? सभासद म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून नाही. चाकरीच्या दारानं. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आठवड्यातला एक दिवस, जुन्या काठ्या, टाकलेले चेंडू. त्यातून एखादा अली शेर निघतो. त्याचं मोठेपण शंभर टक्के त्याचं आहे, क्लबाचं नाही. आणि बाकीचे शेकडो कॅडी, ज्यांचा हात तेवढा चांगला नव्हता? गुडघे गेल्यावर त्यांचं काय होतं, हे कुठल्या क्रीडापानावर येत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातच घडली आहे, फक्त खेळ क्रिकेटचा होता. पळवणकर बाळू, चांभार समाजातले, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखायचे. खेळपट्टी लोळवायची, जाळी बांधायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग म्हणून एक नामांकित फलंदाज होता. बाळूंनी बाद केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात. तासन् तास चेंडू टाकले, पण फलंदाजी करायला बॅट कुणी हातात दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्याशिवाय जिंकता येईना म्हणून संघात घेतलं, आणि चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. संघाचं कर्णधारपद अधिकृतपणे त्यांना कधीच मिळालं नाही. ते भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं, आणि तेही आधी बरंच रामायण होऊन.

तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभं केलं. बाबासाहेब जिंकले. मला या निवडणुकीत बाळूंची हेटाळणी करायची नाही. आपल्याकडे काही लोक करतात ते मला पटत नाही. पण तिच्यात दोन वाटा समोरासमोर उभ्या दिसतात. एक वाट म्हणते, आमच्यातल्या गुणवंताला वर घ्या, बाकी आपोआप सुधारेल. दुसरी म्हणते, गुण असो नसो, माणूस म्हणून आणि कामगार म्हणून त्याचा हक्क लिहून द्या. बाबासाहेबांनी त्याच्या आदल्या वर्षी काढलेल्या पक्षाचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष होतं, आणि पुढे १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. गुणवंतांसाठी बक्षिसं काढण्यात त्यांनी ती वर्षं घालवली नाहीत. कामाचे तास, विमा, किमान वेतन यात घालवली.

नुसत्या गुणावर भिस्त ठेवली की काय होतं हे बाहेरच्या देशांतही दिसतं. दक्षिण आफ्रिकेत पापवा सेवगोलम म्हणून गिरमिटियांच्या वंशातला एक कॅडी होता. काठी उलट्या हातांनी धरायचा. १९५९ साली डच ओपन जिंकून आला. १९६३ ला दरबानमध्ये गोऱ्यांना हरवून नाताळ ओपन जिंकला, तेव्हा क्लबाच्या इमारतीत बिगरगोऱ्यांना प्रवेश नव्हता म्हणून त्याला बक्षीस बाहेर, पावसात दिलं. ते छायाचित्र जगभर गाजलं. पण दार उघडलं नाही. उलट पुढे त्याचं खेळणंच बंद करून टाकलं.

अमेरिकेतलं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथल्या व्यावसायिकांच्या संघटनेत १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद करण्याचं कलम होतं. ऑगस्टा नॅशनल या सर्वांत मानाच्या क्लबात मास्टर्स स्पर्धा होते. तिथं पहिला काळा खेळाडू, ली एल्डर, १९७५ ला खेळला. पहिला काळा सभासद १९९० ला. पण काळे कॅडी? ते पहिल्यापासून होते. सगळे कॅडी काळेच असत आणि खेळाडूंनी त्यांनाच घ्यावं असा नियम होता. १९८३ पासून खेळाडूंना आपापले कॅडी आणायची मुभा मिळाली. स्पर्धांमधला पैसा वाढत होता, कॅडीची टक्केवारी भरघोस झाली होती. हळूहळू ते काळे कॅडी दिसेनासे झाले. बॅग तीच, वजन तेच. तिच्यात पैसा आला तसा खांदा बदलला.

मैला वाहण्यात आरक्षणाशिवाय शंभर टक्के जागा आपल्याला मिळतात, आणि त्याच कामाचं यंत्र आलं, टेंडर निघालं, की ठेकेदार वेगळ्या आडनावाचा असतो. मानकोलीतही पाहिलं आहे. भातशेती होती तेव्हा आमची माणसं शेतावर मजूर होती. गोदामं आली, जमीनवाल्यांना भाडं मिळालं, आणि आम्ही शेतमजुराचे हमाल झालो. भारतातल्या गोल्फचे पैसे वाढत आहेत, नवनव्या लीग निघत आहेत. आज कॅडीचा हक्क कागदावर आला नाही तर उद्या हे काम चांगलं झाल्यावर ते आजच्या कॅडीच्या पोराकडे राहील याची मला खात्री नाही.

बॅग उचलणं हे काम मुळात हलकं नाही, हेही इथंच सांगते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची बॅग तिच्या आईनं उचलली होती. सगळा देश पहाटे उठून बघत होता आणि आईचं केवढं कौतुक झालं! व्हायलाच हवं होतं. कॅडी वारा बघतो, अंतर मोजतो, कोणती काठी घ्यायची ते सुचवतो, खेळाडू खचला की सावरतो. ही विद्या आहे. आईनं केली की ती विद्या दिसते, पगारी माणसानं केली की ओझं दिसतं.

(पुरुषांच्या हंगामावर लिहिते आहे म्हणून जाता जाता: स्त्रियांची टूर वेगळी आहे आणि तिथली बक्षिसं कितीतरी कमी आहेत. आणि स्त्रियांचा क्लबातला प्रवेश कसा असतो ते जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबनं दाखवलं. जैनसेम हा खासी समाजाचा पारंपरिक पोशाख घालून पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या एका स्त्रीला टेबलावरून उठवलं गेलं. कारण काय, तर ती मोलकरणीसारखी दिसते.)

तर मुद्द्यावर येते. कॅडीला कामगार का मानत नाहीत? क्लब म्हणतो, तो आमचा नोकर नाही, सभासद त्याला पैसे देतो. सभासद म्हणतो, मी चार तासांपुरता घेतला, मी कसला मालक? स्पर्धेत खेळाडू म्हणतो, मीच कट चुकलो. आयोजक ठेकेदाराकडे बोट दाखवतो. मालक चार आणि जबाबदार एकही नाही.

हे वर्णन कुणाला ओळखीचं वाटतं का? मला वाटलं, कारण मी भिवंडीत काम करते. बाजारातला हमाल सकाळी या व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, दुपारी त्याचं. एक मालक नाही म्हणून त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, बोनस नाही. हीच अडचण सोडवायला अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. अख्ख्या देशाला वाट दाखवणारा कायदा. त्याची युक्ती साधी आहे: एक मालक शोधत बसू नका. मंडळ काढा, त्यात मालक, कामगार आणि शासन तिघांचे प्रतिनिधी ठेवा. कामगाराचीही नोंद आणि काम देणाऱ्याचीही. मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून निधी, बोनस, रजा, औषधपाणी. हमाल कितीही जणांचं ओझं उचलो, त्याचं खातं एकच. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत नवं काम घालायचा अधिकार शासनाला आहे.

माझी मागणी एवढीच आहे. महाराष्ट्रातल्या गोल्फ मैदानांवरचं कॅडीचं काम त्या अनुसूचीत घाला. मुंबईत विलिंग्डन आहे, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे, पुण्यात पूना क्लबचं मैदान आहे, खारघरला सिडकोनं बांधलेलं आहे. कॅडींची नोंद करा. सभासदानं खेळाच्या फीबरोबर लेव्ही भरावी. आणि व्यावसायिक स्पर्धा असेल त्या आठवड्यात आयोजकानं एकूण बक्षिसाचा ठरावीक हिस्सा मंडळात जमा केल्याशिवाय परवानगी देऊ नका. एक कोटीतला एक टक्का म्हणजे एक लाख. कुणाचा खेळ बुडणार नाही.

दोन आक्षेप मला आधीच ऐकू येतात. पहिला मालकांचा: माथाडी म्हणजे खंडणी, न केलेल्या कामाची वसुली. काही ठिकाणी कायद्याच्या नावाखाली दादागिरी झाली आहे, मी नाकारत नाही. पण त्याला औषध नोंदणी चोख ठेवणं हे आहे, कामगाराला पुन्हा बेनाव करणं नव्हे. आणि खरी दादागिरी बघायची असेल तर मानकोलीला या. कायदा असताना आमची कितीतरी पोरं ठेकेदाराच्या वहीत आहेत, मंडळाच्या नाहीत. कायदा कागदावर असून एवढे हाल, तर जिथं कागदच नाही तिथं काय असेल!

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा, आणि तो मला जास्त बोचतो. ताई, शिष्यवृत्त्या रखडल्यात, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही गोल्फवर लिहिता? श्रीमंतांचे चोचले ते, आपल्याला काय करायचंय? मला करायचंय, कारण एका अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि ती जमीन आकाशातून पडत नाही. सिडकोनं नवी मुंबईसाठी जी गावं घेतली त्यातल्या लोकांनी साडेबारा टक्क्यांसाठी १९८४ साली जासईला गोळ्या खाल्ल्या. सार्वजनिक पैशानं, सार्वजनिक जमिनीवर हिरवळ वाढली असेल तर तिच्यावर कोण चालतो आणि कोण वाहतो हा आपला प्रश्न आहे. नाशिकला जाऊन बघा. अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं आजचं नाव, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लब मैदान म्हटलं तरच कळतं. आज तिथं सभा होतात, क्रिकेट होतं, सकाळी बायाबापड्या फिरतात. गोल्फ गेला आणि नाव तेवढं राहिलं. प्रत्येक मैदानाचं असं व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण सिडकोच्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली पोरं काठी धरायला गेली तर हिरवळ करपणार नाही. बॅग उचलायला नव्हे, खेळायला.

कामगार आयुक्तांना द्यायचा अर्ज आम्ही गेल्या रविवारी विहारात बसून लिहिला. सोबत अनुभव म्हणून त्या पोराचा एक पानी जबाब जोडायचा ठरलं. तो मीच लिहून घेत होते. नाव, वय, पत्ता झाला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी मी थांबले आणि त्याला विचारलं, काय लिहू? त्यानं विचार करून सांगितलं, "हमाल लिहा ताई. कॅडी एकच दिवस होतो." मग जरा थांबून म्हणाला, दोन्ही लिहिता येईल का?

दोन्ही लिहिलं आहे. चेंडू तो परत घेऊन गेला. धाकटा भाऊ त्यासाठी रडत होता.